धुण्याचं मशीन चालू असताना

आमच्या घराण्यात मी बोलका म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे तोंडावर बोलका म्हणतात. माघारी काय म्हणतात ते बायकोने मला सांगितलं आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्नकार्यात माझ्या हातात कुणी माईक देत नाही, कारण तो परत मिळत नाही. अशा माणसाची मुलगी अबोल निघेल हे कुणाला खरं वाटलं नसतं, आणि ती तशी नव्हतीच. बोलता यायला लागल्यापासून तिने आमच्या बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सापडलेल्या प्रत्येक माणसाची चौकशी केलेली आहे. कुत्र्याचं नाव काय, पिशवीत काय आहे, तुमच्या घरी भांडतं कोण जास्त.

फक्त तिला वाचता येत नव्हतं.

पहिली-दुसरीत आम्ही म्हणालो, येईल. तिसरीत म्हणालो, डोळ्यांचं काही असेल. डोळे तपासले, ते आमच्या दोघांपेक्षा उत्तम निघाले. चौथीत म्हणालो, लक्ष नाही. खरं तर आम्हाला कळायला उशीर झाला त्यात तिच्या हुशारीचाच हात होता. मी एखादा धडा दोनदा वाचून दाखवला की तो तिला पाठ व्हायचा. मग ती पुस्तक समोर धरून, ओळींवरून बोट फिरवत, माझ्या आवाजातल्या चढउतारांसकट तो म्हणून दाखवायची. मी खूश. माझा आवाज ऐकायला मला नेहमीच आवडतो. एकदा तिने असाच अख्खा धडा खणखणीत वाचला, मी शाबासकी द्यायला वाकलो आणि पाहिलं, तर पुस्तक भलत्याच पानावर उघडं होतं.

ती पाचवीत होती. दिवाळीनंतरच्या पालकसभेत वर्गशिक्षिकेने विचारलं, "घरी कुठली भाषा बोलता?"

"मराठी," मी जरा छाती काढून म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. शाळेत इंग्रजी, दुसरी भाषा कन्नड, तिसरी हिंदी, आणि घरी परत चौथीच. मूल गोंधळणार नाही तर काय होईल? घरी फक्त इंग्रजी बोला, बघा कसा फरक पडतो.

आम्ही दोघंही शिकलेली माणसं. डॉक्टरने साधी खोकल्याची गोळी दिली तरी नेटवर चार ठिकाणी खात्री करून घेतो. पण शाळेतल्या बाईंनी काही सांगितलं की आमच्या आतलं पोर अजूनही हाताची घडी घालून बसतं. त्याच संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर नियम जाहीर केला: आजपासून घरात मराठी बंद. जो बोलेल तो रात्रीची भांडी घासेल.

माझी आई आमच्याकडेच असते. घरात सगळेच तिला आजी म्हणतात, मीसुद्धा. आजीने विचारलं, "आणि मी रे?"

"तूसुद्धा."

"मला कुठे येतंय इंग्रजी?"

"शिकशील. त्याला वय लागत नाही."

त्या रात्रीची भांडी मी घासली, कारण हे सगळं मराठीत झालं होतं.

आजीने चार दिवस नेटाने किल्ला लढवला. "टेक आमटी. व्हेरी हॉट. टंग विल... भाजेल." मग ती जेवताना बोलेनाशीच झाली. बायकोचं आणि माझं बरं चाललं होतं, कारण आम्हाला भांडायला तशीही इंग्रजीच लागते. पण गोष्टींचं अवघड झालं. संध्याकाळी लेकीला गोष्ट सांगायची ही माझी जुनी ड्यूटी, आणि माझं इंग्रजी सगळं मीटिंगचं. त्या भाषेत राक्षस आणला की तो दुसऱ्या मिनिटाला कामाचा आढावा घ्यायला लागायचा. लेक उसासा टाकून म्हणायची, "इट्स ओके, बाबा." हळूहळू तिने गोष्ट मागणं सोडलं.

तीही इंग्रजीत बोलायची, अडखळत. मी ते प्रेमाने दुरुस्त करायचो. अगदी गोड आवाजात. एक वाक्य, एक दुरुस्ती. जानेवारीपर्यंत तिची वाक्यं आखूड होत होत चार उरली: यस, नो, ओके, आणि आय डोन्ट नो. आणि आम्ही दोघं खिडकीशी चहा घेताना एकमेकांना सांगत होतो, बघ, तोंडात मराठी शब्द म्हणून येत नाही आता.

वाचन होतं तिथेच होतं.

मग शाळेच्या समुपदेशक बाईंनी बोलावलं. त्या वर्गशिक्षिकेपेक्षा शांत होत्या, म्हणून त्यांची भीती जास्त वाटली. डिस्लेक्सिया असू शकतो, रीतसर तपासणी करून घ्या, असं त्यांनी सुचवलं. सहावीत कोणाला कसं घ्यायचं ते मार्चमधल्या बैठकीत ठरतं, त्याआधी अहवाल हवा. "अडचण फक्त वाचण्या-लिहिण्याची असेल तर आमच्याकडे सपोर्ट रूम आहे, त्यासाठी शिकलेल्या शिक्षिका आहेत, परीक्षेला जास्त वेळ मिळतो. आम्ही तिला नक्की सांभाळू." मग त्यांनी काचेचा पेपरवेट थोडा सरकवला. "पण एकूणच असेल, तर तिला दुसरी शाळा जास्त बरी पडेल."

एकूणच. त्या इंग्रजीत बोलल्या होत्या, पण मला तो शब्द मराठीतच ऐकू आला आणि घरी जाईपर्यंत डोक्यात फिरत राहिला. एकूणच.

तपासणी जयनगरमध्ये होती, एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर. दोन बैठका, बुधवार आणि शनिवार. तपासणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, सुती साडी आणि खाली पळायचे बूट. त्यांनी लेकीला हाताला धरून आत नेलं आणि दार लावलं. दाराबाहेर जमिनीवर एक पांढरं वाटीएवढं यंत्र होतं, ते त्यांनी पायाने चालू केलं. ते घरघरायला लागलं.

"हे काय?" मी बायकोला विचारलं.

"आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून असतं. तुझ्यासारख्यांसाठी."

मी दारापासून दूरच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

दीड-दोन तासांनी लेक बाहेर आली, पाण्याची बाटली उघडली आणि खिडकीतून खालचा नारळवाला बघत राहिली. बाईंनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मधेच हिंदीत. मी मराठीत सांगतो.

"घरी बोलते का ही?"

"थांबत नाही!" मी म्हणालो. मग बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणजे... थांबायची नाही."

बाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठोकळ्यांची, चित्रांची कामं तिने पटापट केली. वाचायला दिलं तेव्हा झगडली, आणि खरं झगडली, ते मला दिसलं. पण तोंडी प्रश्न विचारले की सगळ्यांना एकच उत्तर, आय डोन्ट नो. जे कुणालाही येईल त्यालाही तेच. म्हणून तो भाग मी मध्येच थांबवला. शनिवारी पुन्हा बघू."

"शनिवारीही तसंच झालं तर?" बायकोने विचारलं.

"तर मला जे दिसेल तेच लिहावं लागेल. माझ्या मनात काय आहे ते लिहिता येत नाही."

म्हणजे अहवालात ते येणार होतं. एकूणच.

आम्ही मराठीबंदीचा नियम सांगितला. सांगताना तो भलताच मूर्खपणाचा वाटला. भांड्यांचा भाग मी गाळला होता, तो बायकोने घातला. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की अक्षरं न जुळण्याचा घरच्या भाषेशी काही संबंध नाही, आजच हे थांबवा. "आणि शनिवारसाठी तिची काही तयारी करून घेऊ नका. प्रश्न विचारू नका, उत्तरं पढवू नका. झोपू दे, खाऊ दे, आणा."

त्या संध्याकाळी जेवताना मी खाकरलो आणि मराठीत म्हणालो, "ऐका. आजपासून मराठी सुरू."

"देवा!" आजी म्हणाली. इतके दिवस तो शब्द तिच्या घशात अडकून बसला असावा.

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग सिंककडे पाहिलं. "यू स्पोक मराठी," ती म्हणाली. "यू हॅव टू डू द डिशेस."

"अगं नाही, नियमच रद्द झाला. बोल तू. काहीही बोल."

तिने पोळीचा तुकडा मोडला, तसाच ताटात ठेवला. "इज धिस ऑल्सो अ टेस्ट?"

भांडी मी घासली.

गुरुवारी मी घरून काम करत होतो. लेक शाळेतून आली, कपडे बदलले, "हाउ वॉज स्कूल"ला "ओके" म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे गेली. थोड्या वेळाने धुण्याचं मशीन सुरू झालं. मी कॉलवर होतो. समोरचा माणूस होसकोट्याच्या कारखान्यातलं काहीतरी सांगत होता, आणि माझ्या मनात आलं की आपल्या घरात हे मशीन हल्ली फार चालतं. रोज याच वेळी. सकाळी एकदा लावलेलं असताना. आजी धुण्याच्या बाबतीत काटेकोर आहे खरी, पण चार माणसांच्या घरात एवढे कपडे येतात कुठून?

कॉल संपल्यावर मी उठलो. आमच्या स्वयंपाकघराला लागून धुण्याभांड्याची चिंचोळी जागा, युटिलिटी, आहे, मशीन तिथेच. मध्ये सरकतं दार. ते लावलेलं होतं. मशीन भिरभिरत होतं, आणि त्या आवाजाच्या खालून मला मराठी ऐकू आली.

"...मग त्या म्हणाल्या, गाय आणि मांजर यांच्यात सारखं काय आहे?"

"अगंबाई. मग?"

"मला येत होतं आजी! एक दूध देते आणि एक दूध पिते. म्हणजे दोघींचं दुधाचंच खातं आहे."

आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. "मग सांगायचं की गं हे!"

"इंग्लिशमध्ये वाक्य चुकलं असतं तर? मग त्यापण बाबासारखं करणार," आणि माझ्या लेकीने माझा आवाज काढला. हुबेहूब. तो गोडवा, तो मायाळू हेल, ते मान तिरकी केल्याचंसुद्धा ऐकू येत होतं. "नॉट ही गो, माय डार्लिंग. ही गोज." मग पुन्हा स्वतःच्या आवाजात, "आय डोन्ट नो म्हटलं की त्याच्यात चूकच निघत नाही. मी शोधून काढलंय."

मी तिथेच ओट्याला टेकलो. पहिली गोष्ट मनात आली ती अशी की पोरगी नक्कल फार चांगली करते. दुसरी आली ती सांगत नाही. तिसऱ्याला मी खिशातून फोन काढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. हे शनिवारी बाईंना ऐकवू! पुरावा! ऐका हो, ही आहे तुमची एकूणच!

आत दोघी पुढे बोलत राहिल्या. शाळेच्या बसमधल्या भांडणाची अख्खी हकीकत झाली, पात्रांच्या आवाजांसकट. कन्नडमधून धमकी, हिंदीतून उत्तर, मराठीतून निवेदन. माझ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ती चांगली बांधलेली होती. मग मशीनचा वेग कमी झाला, ते गुरगुरलं, थांबलं, आणि त्याबरोबर तीही वाक्याच्या मध्यात थांबली. नळ बंद करावा तशी.

मी पळत खोलीत गेलो. नंतर गुपचूप मशीनमध्ये पाहिलं, तर त्यात एक ओढणी आणि दोन पायमोजे होते.

फोनमध्ये फक्त मशीन रेकॉर्ड झालं होतं. सुरुवातीला भरर्, मग भिर्र, शेवटी पी पी. बायको घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "उद्या फोन दाराच्या आत लपवतो."

ती पर्स खांद्यावरून न काढताच उभी होती. "तू तिचं चोरून रेकॉर्डिंग करणार."

"तिच्याच भल्यासाठी."

"नियमही तिच्याच भल्यासाठी होता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अरे, एवढ्या मोठ्या घरात बोलायला तिला तेवढीच एक जागा उरली आहे. तिथे तू पाऊल ठेवायचं नाहीस. मीही नाही."

"आणि शनिवारी गप्प बसली तर?"

ती बेडवर बसली आणि सँडलचा पट्टा सोडवत राहिली, तो सुटला होता तरी.

शुक्रवार मी कसा काढला मला माहीत नाही. माझ्यासारख्या माणसाला "काही पढवू नका" सांगणं म्हणजे हलवायाला उपास सांगणं. माझी सगळी हयात परीक्षेच्या तयारीत गेली. शिष्यवृत्तीची तयारी, दहावीची, बारावीची, नोकरीच्या मुलाखतीची. लग्न ठरवताना बायको काय विचारेल याचेसुद्धा मी अपेक्षित प्रश्न काढले होते. आणि आता हातात एक अख्खा दिवस, एक प्रश्न फुटलेला, त्याचं उत्तर मुलीला येतंय, आणि मी नुसतं विचारायचं, काय गं, कशी आहेस. सकाळी ती दप्तर भरत होती, तेव्हा तिच्या खोलीच्या दारात जाऊन मी म्हणालो, "गाईचं एक बरं असतं नाही..." मागून बायकोचा आवाज आला, "चहा घेतोस का?" तो चहाचा आवाज नव्हता. मी निघून आलो.

चार वाजता मशीन सुरू झालं. मी हेडफोन लावले, त्यात काही वाजत नव्हतं.

शनिवारी आजी देवापुढे जरा जास्तच वेळ बसली. बायकोला अचानक ऑफिसला जावं लागलं, म्हणून मी आणि लेक रिक्षाने निघालो. वेळ दहाची होती, आणि बाईंनी बजावलं होतं की आमच्यामागे लगेच दुसरं मूल आहे. वाटेत मी फक्त हवामानावर बोललो. मराठीत. ती "हं" म्हणत होती. सिल्क बोर्डचा चौक पार केला, पुढे एका आडव्या रस्त्याला लागलो आणि रिक्षा थांबली. समोर बस तिरकी अडकलेली, तिच्यापलीकडे खणलेलं दिसत होतं, आणि डाव्या बाजूला, माझ्या अगदी तोंडासमोर, काठीला बांधलेला एक पत्रा. त्यावर रंगाने घाईघाईत लिहिलेलं. कन्नडमध्ये. बाण वगैरे काही नाही.

पावणेदहा झाले होते.

ड्रायव्हरला बसल्या जागेवरून पत्र्यावरचं दिसत नव्हतं. त्याने मान मागे वळवली. "सर, आ बोर्डल्ली एनिदे?" त्या बोर्डवर काय आहे म्हणून विचारत होता.

मी बेंगळुरूत आलो तेव्हा डोक्यावर केस होते. इतकी वर्षं इथे राहतो, इथलं पाणी पितो, कर भरतो, 'सरी' म्हणजे ठीक आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, एवढ्यावर भाजी घेतो. पण ती गोल गोल अक्षरं मला कधी बोलली नाहीत. ती माझ्यासाठी कायम जिलब्यांचं ताट. आणि हे मी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. म्हणून माझ्या तोंडून, अगदी सवयीने, निघालं, "अरे भैया, चष्मा नहीं है."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. लेकीनेही पाहिलं. तिची नजर माझ्या नाकावर स्थिरावली, आणि मला तिथलं वजन जाणवलं.

चष्मा नाकावर होता.

"बाबा," ती म्हणाली. "तुला वाचता येत नाही!"

मराठीत. मोठ्याने. मशीनबिशीन काही चालू नसताना. नुसती रिक्षा धुगधुगत होती.

मी सांगू का, त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं. "नाही येत," मी म्हणालो.

"अजिबात?"

"अजिबात."

तिने रिक्षातून अर्धं अंग बाहेर काढलं आणि फूटपाथवरच्या फुलवाल्या बाईला हाक मारली, "अक्का! ई रोड क्लोजा?" बाईने हार ओवता ओवता मान हलवली, "हौदु पुट्टा, आ कडे होगि," हो बाळा, तिकडून जा, आणि दोऱ्यानेच उजवीकडची गल्ली दाखवली. ड्रायव्हर सरी सरी म्हणत वळला. लेक आत आली ती सरळ माझ्याकडे तोंड करून बसली. तपासणारी आता ती होती.

"मग बसमध्ये कसा चढतोस?"

"नंबर बघून."

"आणि दुकानात?"

"पाकिटावर चित्र असतं."

"आणि बोर्डवर फक्त कन्नडच असेल तर?"

"बाकीचे जातात त्यांच्यामागे जातो. एकदा एका लग्नातच शिरलो होतो."

ती खिदळली. इतक्या महिन्यांनी. "जेवलास?"

"जेवलो. न जेवता निघणं बरं दिसलं नसतं."

"आणि कोणी असं एकदम विचारलं, वाच म्हणून, की चष्मा."

"चष्मा. नाहीतर फोन आल्यासारखं करतो."

तिने तोंड रस्त्याकडे वळवलं. मला वाटलं, संपलं. गल्लीत गतिरोधकांची रांगच होती, आम्ही दोघं उडत होतो.

"मी पाणी प्यायला जाते," ती म्हणाली. "वर्गात. माझी टर्न यायच्या आधी. मी मोजते ना, कोणाकोणानंतर मी आहे ते. मग बरोबर आधी जाते." मग म्हणाली, "पण बाई आता ओळखतात."

"माझा चष्माही आज तू ओळखलास," मी म्हणालो.

"तुझं फारच वाईट होतं, बाबा. नाकावर असताना कोणी म्हणतं का? फोनचं बरं आहे." आणि तिथून जयनगर येईपर्यंत ती थांबली नाही. मला बेंगळुरूत टिकून राहण्याचे मार्ग शिकवत होती. माणूस कसा ओळखायचा, कोणाला विचारलं तर हसत नाही, विचारताना आधी अण्णा की आधी प्रश्न. मी एकही वाक्य दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. बाई जिन्यातच उभ्या, हातातल्या घड्याळाकडे बघत. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याआधी माझी लेक इंग्रजीत म्हणाली, "सॉरी आंटी, रोड वॉज क्लोज अँड माय फादर कान्ट रीड."

ते 'क्लोज' नव्हे 'क्लोज्ड', हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं. मी जीभ दाताखाली धरली. अक्षरशः.

दार लागलं. पांढरं यंत्र घरघरायला लागलं. मी दूरच्या खुर्चीवर बसलो. रिक्षात बोलली म्हणजे आत बोलेलच असं कुठे आहे? युटिलिटीतही बोलत होतीच की. बाई प्रश्न विचारतील, ती खिडकीकडे बघेल, तीन शब्दांचं ते बिनचूक उत्तर देईल, आणि बाई जे दिसेल ते लिहितील. बायकोचा मेसेज आला, "?" मी उत्तर लिहिलं, "?" कान कितीही ताणला तरी त्या घरघरीपलीकडचं काही कळत नव्हतं. आणि मग मला आमच्या स्वयंपाकघराचं सरकतं दार आठवलं. घरघर चालू आहे म्हणजे आत कुणीतरी बोलत असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या मुलाचे आईवडील येऊन बसले. त्यांचा मुलगा माझ्या शेजारी पाय हलवत बसला. त्याच्या वडिलांनी हलक्या आवाजात मला विचारलं, "इट्स अ डिफिकल्ट टेस्ट?" मी म्हणालो, "आय डोन्ट नो." त्यात खरंच चूक निघत नाही.

दार उघडलं तेव्हा बाई आधी बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"तुमची मुलगी मला दमवते," त्या म्हणाल्या. "एकाच्या जागी तीन उत्तरं देते आणि कुठलं जास्त चांगलं ते मलाच विचारते. अर्धं इंग्रजी, मधेच मराठी, एकदा कन्नडमध्ये मला समजावलं. मी सगळं लिहून घेतलं." मग त्यांनी आवाज उतरवला. सविस्तर अहवाल नंतर मिळेल, पण एवढं त्या आताच सांगू शकत होत्या. विचार करण्यात, बोलण्यात ती वयाच्या पुढे आहे. वाचण्या-लिहिण्यात खूप मागे आहे. हो, डिस्लेक्सिया आहे. तो जाणार नाही, पण नीट, सावकाश, वेगळ्या पद्धतीने शिकवलं तर ती वाचेल. "सोपं नसेल. तिला सगळ्यांपेक्षा जास्त काम पडेल."

मुलीला असं काही आहे हे ऐकून बापाने काय वाटून घ्यायचं असतं? मला भीती वाटली, ती अजूनही वाटते. पण त्याच श्वासात मी खाली बसलो, कारण तो दुसरा शब्द गेला होता. एकूणच गेला होता. मी बायकोला फोन लावला आणि मला, मला म्हणतोय मी, एक वाक्य पुरं करता येईना. शेवटी फोन लेकीनेच घेतला. "आई, बाबा रडतोय वाटतं. आम्ही मसाला डोसा खाऊन येतो."

अहवाल आला, शाळेने तो ठेवून घेतला, जूनपासून ती आठवड्यातून काही तास सपोर्ट रूममध्ये जायला लागली. तिथे ताटलीत रवा पसरून त्यात बोटाने अक्षरं काढतात, आवाज करत करत. फार हळू चाललं आहे. कधी रडून येते, कधी बोटाला रवा लागलेला असतो. पण ते सगळं नंतरचं.

त्या शनिवारी-रविवारी आमच्या घरात जे बोलणं झालं ते मी सांगायला नको. तीन महिन्यांचा साठा होता. आजी तर फोन करकरून पुण्यातल्या लोकांना सांगत होती की आमच्याकडे मराठी परत आली, जणू दोन दिवस लाइट गेली होती. सगळे एकमेकांच्या वर आवाज चढवत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. जिथे बसायचं तिथे बसून, दारं उघडी टाकून.

सोमवारी सकाळी मला ऑफिसला जायचं होतं. कपाट उघडलं तर एकही धुतलेला शर्ट नाही. युटिलिटीत कपड्यांचा ढीग माझ्या कमरेएवढा. मशीन लावायची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

"आता मी काय घालून जाऊ?" मी ओरडलो.

"टी-शर्ट घाल," आतून लेक म्हणाली. "कोणी विचारलं तर सांग, चष्मा नव्हता."